व्हेपरट्रॅपचा पहिला बीट: रिकाम्या प्रोजेक्टपासून अपलोडपर्यंत

व्हेपरट्रॅप, म्हणजे धूसर, स्वप्नाळू सूर आणि ट्रॅपचे ड्रम यांची सरमिसळ, ऐकताना वाटतं, यात आहेच काय? मागे एक तरंगता कीबोर्ड, खाली ८०८ या खोल बासचा घुमारा, मधूनच हाय-हॅटची (ड्रममधल्या छोट्या झांजांची) फरफर आणि सगळ्यावर धुकं. मग आपण सॉफ्टवेअर उघडतो, दिसेल त्या ट्रॅकवर रिव्हर्ब (प्रतिध्वनी) ओततो आणि तासाभराने जे ऐकू येतं तो निव्वळ चिखल असतो. स्नेअर (ड्रमचा खणखणीत ठोका) कुठे पडतोय कळत नाही, बास नुसता गुरगुरतो, आणि ज्या स्वप्नाळूपणासाठी हा खटाटोप केला तो कुठेच सापडत नाही.

हा लेख ज्यांनी आजवर एकही बीट केलेला नाही, किंवा केला पण जमला नाही, त्यांच्यासाठी आहे. संगीत शिकलेलं असणं गरजेचं नाही. सोळा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) एक लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, त्यातून दोन मिनिटांचा ट्रॅक, आणि तो कायदेशीर भानगडीत न सापडता इंटरनेटवर टाकणं, एवढं इथे पुरं होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो: धुकं मागे ठेवायचं आणि ड्रम कोरडे, समोर. समोर काहीतरी ठसठशीत असेल तरच मागचं धूसर वाटतं.

काय काय लागेल

- संगणक. फार भारी नको. आठ जीबी रॅम असेल तर आरामात होतं.
- वायरवाले हेडफोन. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे कळ दाबली की स्वर मागून येतो आणि तुम्हाला वाटतं आपलीच लय चुकतेय.
- एक डीएडब्ल्यू, म्हणजे ज्यात संगीत रचायचं ते सॉफ्टवेअर.
- एक मोफत सिंथ, म्हणजे संगणकातलं सुरांचं वाद्य. व्हायटलची मोफत आवृत्ती पुरते.
- एक लांब शेपटीचा, म्हणजे बराच वेळ रेंगाळणारा रिव्हर्ब. व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह मोफत आहे आणि या कामासाठीच केल्यासारखा आहे.
- ८०८, स्नेअर, क्लॅप, हाय-हॅट यांचे पाच-सहा नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले छोटे आवाज. हजार नमुन्यांचे पॅक डाउनलोड करत बसू नका. त्यात संध्याकाळ जाते आणि बीट होत नाही.

मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायच्या पियानोसारख्या कळा) असला तर मजा येते, नसला तर माउसने स्वर मांडता येतात. मायक्रोफोन लागत नाही.

१. आधी कान तयार करा

हा प्रकार दोन प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. एक व्हेपरवेव्ह: २०१०मध्ये डॅनिएल लोपॅटिनने चक पर्सन या नावाने जुन्या पॉप गाण्यांचे तुकडे संथ करून, प्रतिध्वनीत भिजवून एक कॅसेट काढली, आणि २०११च्या शेवटी मॅकिंटॉश प्लस या नावाने आलेल्या ‘फ्लोरल शॉप’ने त्या आवाजाला चेहरा दिला. दुसरा प्रवाह म्हणजे अटलांटातून आलेला ट्रॅप: ८०८चा बास, तुटक हाय-हॅट आणि अर्ध्या लयीत पडणारा स्नेअर. २०१२मध्ये ब्लँक बँशी या कॅनडातल्या निर्मात्याने ‘ब्लँक बँशी ०’ हा अल्बम इंटरनेटवर टाकला आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले. व्हेपरट्रॅपची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

शेजारची घरंही ऐका. क्लॅम्स कसिनो हा न्यू जर्सीचा निर्माता आणि लिल बी हा कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा रॅपर यांची ओळख मायस्पेसवर झाली, आणि २००९मध्ये ‘आय’म गॉड’ आलं. इमोजन हीपच्या आवाजाचा तुकडा, खाली जड ड्रम. क्लाउड रॅप म्हणतात तो इथून वाढला. २०११मध्ये एसॅप रॉकीच्या ‘लिव्ह. लव्ह. एसॅप’ या मिक्सटेपवर क्लॅम्स कसिनोचेच बरेच बीट होते. २०१३मध्ये स्टॉकहोमचा यंग लीन आला. अटलांटात मेक्सिकोड्रो आणि त्याच्या साथीदारांनी साउंडक्लाउडवर प्लग नावाची शाखा वाढवली, ती जास्त गोड आणि हलकी. या सगळ्यांच्या मागे ह्यूस्टनचा डीजे स्क्रू उभा आहे. त्याने नव्वदच्या दशकात रॅपची गाणी टेपवर संथ करून वाटली. आवाज खाली ओढला की जगही जरा हळू चालल्यासारखं वाटतं, हे त्याने आधी दाखवलं.

ऐकायचं कसं? आवडलेला एक ट्रॅक निवडा आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा एका वेळी किती आवाज वाजतायत ते मोजा. बहुधा चार-पाचच निघतील. दुसऱ्यांदा फक्त स्नेअरवर लक्ष ठेवा. तिसऱ्यांदा प्रत्येक आवाजाबद्दल स्वतःला विचारा, हा कोरडा आहे की रिव्हर्बने ओला? उत्तरं कागदावर लिहा. तो कागद पुढे मिक्स करताना उपयोगी पडतो.

२. सॉफ्टवेअर निवडा आणि प्रोजेक्ट लावा

यात वेळ घालवू नका. मॅक असेल तर गॅरेजबँड मोफत आहे. विंडोजवर, किंवा लिनक्सवर, एलएमएमएस मोफत चालतं. ट्रॅपवाल्यांचं लाडकं म्हणाल तर एफएल स्टुडिओ. त्याची चाचणी आवृत्ती जवळपास सगळं करू देते, पण एक मेख आहे: सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. म्हणजे एका बैठकीत काम संपवून ऑडिओ एक्सपोर्ट करायचा. शिकायला हे वाईट नाही. बीट अर्धवट सोडायची सवय लागत नाही.

टेम्पो १४० बीपीएम (मिनिटाला १४० मात्रा) ठेवा. स्नेअर अर्ध्या लयीत पडणार असल्याने ऐकणाऱ्याला तो ७०सारखा संथ लागतो, पण हाय-हॅट नाचवायला १४०ची बारीक जाळी हाताशी राहते. सुरुवातीलाच ७० लावला तर हाय-हॅटसाठी फार बारीक घरांत शिरावं लागतं. पट्टी पांढरी सहा घेऊ, म्हणजे ए मायनर (पाश्चात्त्य नावांत पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तशी सहावी ए). सगळे स्वर पांढऱ्या कळांवर येतात आणि नवख्याला चुकीचा स्वर लावायला संधी कमी मिळते.

३. धुक्याचा कच्चा माल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. व्हेपरट्रॅपचा मूड ड्रमवर ठरत नाही, तो या मागच्या थरावर ठरतो. दोन वाटा आहेत: स्वतः कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवणं किंवा सॅम्पल (आधीच्या रेकॉर्डिंगचा तुकडा) घेणं. पहिला बीट कॉर्डने करा. त्यात हक्कांची कटकट नाही आणि आपण काय करतोय ते समजतं.

पहिला कॉर्ड ए मायनर सेव्हन: ए, सी, ई, जी. दुसरा एफ मेजर सेव्हन: एफ, ए, सी, ई. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. ए, सी, ई तिन्ही स्वर तेच आहेत. बदलतो तो फक्त जी, आणि तोही एका पांढऱ्या कळेने सरकून एफवर जातो. म्हणून पहिल्या कॉर्डमध्ये जी सगळ्यात खाली ठेवा: जी, ए, सी, ई. मग दुसरा एफ, ए, सी, ई होतो. वरची तीन बोटं जागची हलत नाहीत, फक्त खालचं एक सरकतं. तिसरा कॉर्ड हवा असेल तर आता वरचा ई डीवर आणा, डी मायनर सेव्हन मिळाला. पुन्हा एकच स्वर हलला.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? रिव्हर्बसाठी. १४० बीपीएमला दोन बार म्हणजे साधारण ३.४ सेकंद. चार-पाच सेकंदांची शेपटी लावली की मागच्या कॉर्डचे स्वर नव्या कॉर्डवर सांडतात. दोन्हींत तीन स्वर समान असतील तर सांडलेला आवाज नव्याला रंग देतो. समान स्वर नसतील तर तो भांडतो, आणि मग आपण उगाचच रिव्हर्बला दोष देत इक्वलायझर (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणारं साधन) फिरवत बसतो. गडबड कॉर्डमध्येच असते.

प्रत्येक कॉर्ड दोन बार धरा. चारही स्वर एकाच क्षणी, एकाच जोराने वाजवू नका. प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा किंचित उशिरा आणि वेगळ्या दाबाने येऊ द्या. माउसने काढलेले स्वर सरळ रेषेत उभे राहतात आणि कानाला ते लगेच कळतं.

सिंथमध्ये साधा पॅड, म्हणजे लांब, मऊ पसरणारा आवाज, करा. दोन ऑसिलेटर (सिंथचे आवाज निर्माण करणारे भाग), एक दुसऱ्यापेक्षा किंचित बेसूर. लो-पास फिल्टर साधारण दीड हजार हर्ट्झवर, म्हणजे चमक कापली जाते. आवाज हळू उघडावा म्हणून अटॅक पाव सेकंदाच्या आसपास, आणि स्वर सोडल्यावर रेंगाळावा म्हणून रिलीज सेकंदभराचा. शेवटी पिचवर (स्वराच्या उंचीवर) एक संथ एलएफओ, म्हणजे ती सावकाश वरखाली हलवणारं नियंत्रण, लावा, दोन-तीन सेकंदांत एक हेलकावा आणि खोली दहा-पंधरा सेंट (शेजारच्या दोन कळांमधलं अंतर म्हणजे शंभर सेंट). ओढलेल्या कॅसेटसारखा जो डळमळीतपणा या संगीतात ऐकू येतो तो यातून मिळतो. खोली वाढवली तर मळमळायला लागतं, तेव्हा हात आखडता ठेवा.

पॅडवर एक छोटी घंटी किंवा काचेसारखा आवाज घेऊन तीन-चार स्वरांची ओळ मांडा. गाण्याची चाल असावी तशी नको. ती अर्धवट वाटली पाहिजे, वाक्य मध्येच सोडून दिल्यासारखी. दोन बार वाजली तर पुढचे दोन बार गप्प.

४. सॅम्पल घ्यायचंच असेल तर

आवाज खाली ओढण्याच्या दोन पद्धती आहेत आणि नवख्याची इथे हमखास गफलत होते. आजचं सॉफ्टवेअर पट्टी आणि वेग वेगवेगळे बदलू देतं. ते बंद करा. टेप हळू फिरवल्यासारखं दोन्ही एकत्र खाली आलं पाहिजे, कारण त्यातच आवाजाचा पोत बदलतो: गायकाचे श्वास लांबतात, झांजेची चमक मऊ होते, खोलीचा घुमारा मोठ्या दालनाचा वाटायला लागतो.

हिशोब सोपा आहे. बारा सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या धरून शेजारच्या दोन कळांमधलं अंतर) खाली गेलात की वेग निम्मा होतो. सात सेमीटोन खाली गेलात की तो साधारण दोन तृतीयांश होतो, म्हणजे तुकडा दीडपट लांबतो. समजा तुमच्याकडे ई मायनरमधला, १०५ बीपीएमचा तुकडा आहे. सात सेमीटोन खाली ओढला की तो ए मायनरमध्ये आणि ७० बीपीएमवर येतो. म्हणजे आपल्या १४०च्या प्रोजेक्टमध्ये, आपल्याच पट्टीत, अलगद बसतो. असा हिशोब आधी करून तुकडे शोधले तर कापाकापी निम्मी होते.

ओढून झाल्यावर एक ते चार बारचा भाग कापा. सुरुवात आणि शेवटाला दहा मिलिसेकंदांचं फेड द्या, नाहीतर प्रत्येक फेरीला टिक असा आवाज येईल. दीडशे हर्ट्झखालचं सगळं कापून टाका, तिथे ८०८ राहणार आहे.

सॅम्पल आणायचं कुठून, हा खरा प्रश्न. पहिल्या बीटसाठी फ्रीसाउंडसारखी ठिकाणं बघा, पण प्रत्येक ध्वनीखालचा परवाना वाचा. सीसी शून्य (निर्मात्याने हक्क सोडलेला) असेल तर काहीही करा. नाव देण्याची अट असेल तर नाव द्या. अव्यावसायिक वापराची अट असेल तर तो तुकडा घेऊन बीट विकता येणार नाही. स्वतःचा आवाज हा सगळ्यात बिनधोक माल. फोनवर एक लांब ‘आ’ रेकॉर्ड करून सात सेमीटोन खाली ओढा आणि उलटा फिरवा. तो आपला आहे हे तुम्हालाही ओळखू येणार नाही.

जुन्या संगणकांचे आवाज या प्रकारात सर्रास सापडतात आणि मोहही होतो. पण ते बेवारस नाहीत. विंडोज ९५ सुरू होताना वाजायचा तो आवाज ब्रायन इनोने रचलेला आहे. तसा आवाज हवा असेल तर सिंथवर स्वतः करा, अवघड नाही.

५. धुकं: रिव्हर्ब लावायची रीत

रिव्हर्ब थेट पॅडच्या ट्रॅकवर टाकू नका. वेगळा सेंड ट्रॅक करा, त्यावर रिव्हर्ब शंभर टक्के ओला ठेवा आणि पॅड व घंटी तिकडे पाठवा. फायदा असा की धुकं स्वतंत्रपणे कापता, दाबता, हलवता येतं आणि मूळ आवाज शाबूत राहतो.

सुरुवातीची मांडणी: शेपटी चार-पाच सेकंद, प्री-डिले २० ते ४० मिलिसेकंद. प्री-डिले म्हणजे मूळ स्वर आणि धुकं यांच्यामधली फट. ती शून्य ठेवली तर स्वराची कड धुक्यात बुडते. त्यानंतर त्याच सेंडवर इक्वलायझर लावून अडीचशे-तीनशे हर्ट्झखालचं आणि सहा हजारांवरचं काढून टाका. वरची धार राहिली तर शेपटी सापासारखी फुसफुसते, खालचं राहिलं तर बास गढूळ होतो. नवखे हे कापणं टाळतात कारण कापल्यावर रिव्हर्ब एकटा ऐकला तर बारीक वाटतो. एकटा ऐकूच नका, सगळ्यांबरोबर ऐका.

मग कंप्रेसर (आवाज दाबणारं साधन) लावून त्याला किकची (ड्रमच्या जड ठोक्याची) साइडचेन द्या, म्हणजे किक पडली की धुकं क्षणभर मागे सरेल आणि पुन्हा भरून येईल. दाब तीन-चार डेसिबलचा पुरे. एफएलमध्ये, एबलटनमध्ये, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आहे. ज्यात नाही, तिथे आवाजाची ऑटोमेशन रेषा हाताने काढा.

एक जुनी युक्ती जी मी जवळजवळ प्रत्येक ट्रॅकमध्ये वापरतो: घंटीचा एकच स्वर वाजवून त्याचा फक्त रिव्हर्ब ऑडिओ म्हणून काढून घ्या. तो तुकडा उलटा फिरवा. आता तो हळूहळू फुगत जातो आणि अचानक तुटतो. तुटण्याची जागा बरोबर पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर आणून ठेवा. लूप दर वेळी आत ओढून घेतल्यासारखा सुरू होतो.

६. ड्रम: कोरडे आणि मोजके

सोळा घरांचा एक बार समोर घ्या. स्नेअर किंवा क्लॅप नवव्या घरात, फक्त तिथेच. किक पहिल्या घरात, आणि दुसरी सातव्या किंवा अकराव्यात. एवढ्यावर ठेका उभा राहतो. दोन्ही जागी किक टाकून बघा आणि मग एक काढून टाका. काढलेलीच बरी वाटते, असं माझं मत.

हाय-हॅट एकाआड एक घरात लावा: पहिलं, तिसरं, पाचवं, असं. सगळे एकाच जोराचे ठेवले तर शिलाई मशीन होतं. एक आड एक थोडा हलका करा. ट्रॅपची ओळख असलेली ती फरफर, म्हणजे रोल, चार बारमध्ये एकदा-दोनदाच हवी. शेवटच्या दोन घरांत एकेका घराचे दोन तुकडे करा, किंवा तितक्याच जागेत तीनचे पट बसवा. रोल चढत जाताना पिच थोडी उतरवलीत तर तो या मूडमध्ये छान मिसळतो. शुद्ध ट्रॅपमध्ये चालतील तेवढे रोल इथे टाकले तर मागचं स्वप्न सतत मोडत राहतं.

ड्रमवर मोठा रिव्हर्ब नाही. क्लॅपला खोलीएवढा, अर्ध्या सेकंदाच्या आतला चालेल. कधीतरी, दर आठ बारला एकदा, एकच क्लॅप त्या लांब धुक्यात फेकून द्या. रोज रोज केलं तर ती गंमत राहत नाही.

७. ८०८: इथेच बहुतेकांचा बीट बिघडतो

रोलँडचं टीआर-८०८ हे यंत्र १९८० ते १९८३ एवढाच काळ बनलं, सुमारे बारा हजार नग. त्याच्या बास ड्रमला घुमारा लांबवायची कळ होती. आज आपण ज्याला ८०८ म्हणतो तो त्या लांब घुमाऱ्याचा नमुना, कीबोर्डवर पसरवून बासच्या स्वरांसारखा वाजवलेला.

पहिला सापळा सुराचा. नमुना नेमका कोणत्या स्वरात आहे हे तुमच्या सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते सीच गृहीत धरतं. नमुना एफमध्ये असेल तर तुम्ही ए दाबल्यावर डी वाजेल, आणि इतक्या खालच्या खर्जात बेसूरपणा कानाला पटकन कळत नाही, नुसतं काहीतरी खटकत राहतं. उपाय: नमुना दोन सप्तकं वर चढवून वाजवा आणि शेजारी पियानोचा स्वर ठेवून जुळवा, किंवा ट्यूनर प्लगइन लावा. जुळलं की परत खाली आणा.

दुसरा सापळा एकावर एक चढणाऱ्या शेपट्यांचा. पहिला ८०८ घुमत असतानाच दुसरा सुरू झाला तर दोन खर्ज एकमेकांना खातात. सॅम्पलरमध्ये (नमुने वाजवणाऱ्या साधनात) मोनो, म्हणजे एका वेळी एकच स्वर, करा. एफएलमध्ये ‘कट इटसेल्फ’ नावाचं बटण आहे ते दाबा. नवा स्वर आला की जुना थांबला पाहिजे.

तिसरा सापळा फोनचा. खालचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ, एफ तर ४४च्या आसपास. फोनचा स्पीकर इतकं खाली वाजवूच शकत नाही आणि ऐकणारे बरेच लोक फोनवर ऐकतात. त्यांना बास गायबच वाटतो. ८०८वर थोडं सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) द्या. त्याने ११०, १६५, २२० असे वरचे पट तयार होतात, आणि त्यावरून कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. सॅच्युरेशन लावून फोनवर ऐका. बासची ओळ गुणगुणता आली की पुरे.

ओळ कशी लिहायची? कॉर्ड ए मायनरचा असेल तेव्हा ए, एफचा असेल तेव्हा एफ. किकच्याच जागी. चौथ्या बारच्या शेवटी एक मींड द्या, एफवरून घसरत ए. एकच. पूर्ण लूपभर मींड घेत बसलात तर तो दुसराच प्रकार होतो.

किक आणि ८०८ एकत्र पडतात तिथे किकचा नमुना आखूड ठेवा. किकने फक्त टोक द्यायचं, पोट ८०८ने.

८. मांडणी

दोन मिनिटं पुरे. फक्त पॅड आणि घंटीचे आठ बार. मग ड्रम आणि ८०८ एकदम. सोळा बार. मग चार बार सगळं काढून फक्त धुकं. पुन्हा सोळा बार, या वेळी घंटीची ओळ एक सप्तक वर किंवा सॅम्पलचा उलटा तुकडा जोडून. शेवटी ड्रम आधी थांबवा आणि पॅडला विरघळू द्या. एवढं होतं तेव्हा दीड मिनिट झालेलं असतं. हवं तर एक फेरी वाढवा. व्हेपरट्रॅपमध्ये आखूडपणा खपतो, लांबण खपत नाही.

९. मिक्स

सगळे फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खाली ओढा. पहिले ८०८ आणि स्नेअर वर आणा, दोघांचा तोल साधा. मग किक. मग हाय-हॅट, जेमतेम ऐकू येतील इतपत. पॅड आणि त्याचं धुकं सगळ्यात शेवटी, हळूहळू वर, आणि स्नेअरची कड बोथट व्हायला लागली की थांबून किंचित मागे या. उलट क्रमाने मिक्स केलं, म्हणजे आधी पॅड, तर ड्रमला जागाच उरत नाही. कारण पॅड एकटा ऐकताना नेहमी सुंदरच वाटतो.

१२० हर्ट्झखालचं सगळं मोनो, इथे म्हणजे दोन्ही कानांत सारखं, ठेवा. रुंदी हवी ती पॅड, घंटी आणि रिव्हर्बला द्या. मास्टरवर एक लिमिटर, कमाल मर्यादा उणे एक डेसिबल. जास्त रेटू नका: स्पॉटिफाय आवाजाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराच्या मापाच्या) आसपास आणून वाजवतो, त्यामुळे जोरात ठोकलेला ट्रॅक तिथे खाली ओढला जातो आणि त्याची फक्त चिरडलेली अवस्था उरते.

आवडलेला ट्रॅक प्रोजेक्टमध्ये आणून, आवाज सात-आठ डेसिबल कमी करून, आलटून पालटून ऐका. पहिल्या पायरीतला कागद काढा. तिथे जे कोरडं लिहिलंय ते तुमच्याकडे ओलं आहे का?

१०. एक्सपोर्ट, हक्क आणि अपलोड

डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. एक्सपोर्टच्या खिडकीत शेपटीचा पर्याय नीट पाहा. एफएलमध्ये तो ‘कट रिमेंडर’वर असेल तर शेवटचं धुकं कापलं जातं, ‘लीव्ह रिमेंडर’ निवडा. इतर सॉफ्टवेअरमध्ये शेवटाला चार रिकामे बार ठेवा. फाइल एकदा पूर्ण ऐका, हेडफोनवर आणि फोनवर. साइटवर एमपीथ्री चढवू नका. साइट स्वतः पुन्हा दाबते आणि दोनदा दाबलेल्या रिव्हर्बच्या शेपटीत पाण्यासारखी खळखळ ऐकू येते.

आता हक्क. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर दोन परवानग्या लागतात: एक मूळ रेकॉर्डिंगच्या मालकाची, दुसरी रचनेच्या मालकाची. ‘सहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘पिच बदलली की चालतं’, ‘विकत नसू तर चालतं’ या तिन्ही ऐकीव गोष्टी आहेत, त्यांवर विसंबू नका. १९९१मध्ये बिझ मार्कीच्या एका गाण्यावरून अमेरिकेत निकाल लागला तेव्हापासून परवानगीशिवाय सॅम्पलिंग हा तिथे महागात जाणारा व्यवहार झाला. ‘आय’म गॉड’ २००९चं असून त्याचं वाद्यरूप स्ट्रीमिंगवर अधिकृतपणे आलं ते थेट २०२०मध्ये. मधला काळ ते लोकांनी चढवलेल्या प्रतींवरच फिरत राहिलं.

रॉयल्टी-फ्री लूप घेतला असेल तर आणखी एक खोच. तोच लूप हजारो जणांकडे असतो. त्यातला कोणी आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवतो आणि दावा तुमच्या गाण्यावर येतो. अशा वेळी परवान्याची प्रत आणि खरेदीची पावती पुढे करावी लागते, म्हणून डाउनलोड केल्या दिवशीच ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि तसा लूप असलेलं स्वतःचं गाणं कंटेंट आयडीला देऊ नका. वितरकाच्या (गाणं स्ट्रीमिंग साइटवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या) अर्जात तो चौकोन टिक झालेला नाही ना, ते पाहा.

साउंडक्लाउडवर मोफत खात्याला एकूण मिनिटांची मर्यादा असते, तेव्हा कच्चे मसुदे खासगी ठेवून साठवत बसू नका, काढून टाका. टॅगमध्ये व्हेपरट्रॅप, क्लाउड रॅप, प्लग यांतलं जे खरंच लागू आहे तेच लिहा. टेम्पो आणि पट्टी वर्णनात द्या. त्यावर कोणाला रॅप करायचा असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारतो. चित्र स्वतः काढलेलं किंवा मुक्त परवान्याचं असू द्या. अॅनिमेच्या फ्रेमवरूनही ट्रॅक उतरवले जातात. प्रोजेक्टची प्रत, सगळे नमुने आणि प्रत्येक ट्रॅकचा वेगळा ऑडिओ एका फोल्डरमध्ये ठेवून झिप करा, आणि मग संगणक बंद करा.